मरीआईचं देऊळ पाण्याखाली कुठं आहे?

आजची गोष्ट नकाशांच्या इतिहासाची आहे. पण ती सुरू होते आमच्या घरात, माझ्या आजीच्या एका प्रश्नापासून.

आजी एक्याऐंशी वर्षांची आहे. तिचं सासर भीमेच्या काठावर, इंदापूर तालुक्यात. होतं, असं म्हणायला हवं. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि पुणे, सोलापूर, नगर अशा तीन जिल्ह्यांतली काठावरची गावं पाण्याखाली गेली. आजीचं गाव त्यातलंच. गावाचं नाव सांगत नाही, घरातली गोष्ट घरात राहू दे. पण भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेला असाल, तर त्याच पाण्यावर तुमची नाव फिरली आहे.

तर एका संध्याकाळी आजी म्हणाली, "पोरी, तुझ्या त्या फोनमध्ये सगळं जग दिसतं म्हणतेस. मग आमच्या मरीआईचं देऊळ कुठं आहे ते दाव की. पाणी उतरल्यावर ती जागा उघडी पडते का ते बघ. एक नारळ फोडायचा राहिलाय."

मूर्ती नव्या गावठाणात आणली होती. जोतं तिथंच राहिलं. मी फोनवर नकाशा उघडला. निळं पाणी, बाकी काही नाही.

मी तेव्हा क्यूजीआयएस शिकायला नुकतीच सुरुवात केली होती. क्यूजीआयएस म्हणजे नकाशांवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर. गॅरी शर्मन नावाच्या माणसानं २००२ मध्ये ते सुरू केलं आणि आज जगभरातले लोक मिळून ते सांभाळतात. व्हिडिओ बघून बघून मी शिकत होते, पण नेमकं काय शोधायचं तेच माहीत नव्हतं. आजीनं ते दिलं.

पटकी, मरीआई आणि लंडन

मरीआई ही साथीच्या रोगांची देवी. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे. रोग कुठून तरी येतो आणि त्याला हद्दीपार घालवायचं, ही त्यामागची कल्पना. रोगाचा जागेशी संबंध असतो हे आपल्या लोकांना कळत होतं. संबंध नेमका काय, ते कळायचं होतं.

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकी आली. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं गेली. घाणेरड्या हवेतून रोग पसरतो असं बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरला पाण्याचा संशय होता. त्यानं मृत्यूंची सरकारी नोंद मिळवली, घरोघर फिरून चौकशी केली आणि नकाशावर प्रत्येक मृत्यूसाठी एक छोटी काळी रेघ मारली. रेघांचा गठ्ठा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती जमला.

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण तिच्यातल्या तीन गोष्टी सहसा सुटतात आणि नकाशावरचं विश्लेषण शिकायचं तर त्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली: स्नोला यादी आयती मिळाली. इंग्लंडमध्ये मृत्यूची नोंद सरकारदरबारी होत होती आणि ती अभ्यासाला मिळत होती. आज आपण ज्याला खुला डेटा म्हणतो, तो नसता तर नकाशाही नसता.

दुसरी: नंतरच्या नकाशात स्नोनं आणखी एक रेषा काढली. कुठल्या घरापासून ब्रॉड स्ट्रीटचा पंप चालत जायला जवळ आणि कुठून दुसरा पंप जवळ, याची सीमा. सरळ रेषेतलं अंतर नाही, रस्त्यानं चालत जायचं अंतर. आज सॉफ्टवेअर हेच काम एका बटणावर करतं, पण मूळ प्रश्न तोच: कशापासून काय जवळ आहे आणि जवळ म्हणजे नेमकं काय?

तिसरी: जे बसत नव्हतं, त्याच्याकडे त्यानं दुर्लक्ष केलं नाही. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून जास्त कामगार होते, त्यातलं कुणी दगावलं नाही. का? ते बिअर प्यायचे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई पटकीनं गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडायचं, रोज मागवून घ्यायची. पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ ला काढला. साथ तोवर ओसरायला लागलीच होती. पण हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्या पाद्र्यानं, ज्याला मोहल्ल्यातलं घर न् घर माहीत होतं, पुढे पहिला रुग्ण शोधला. पंपाशेजारच्या ४० नंबरच्या घरातलं तान्हं बाळ.

म्हणजे बघा: सरकारी नोंद, नकाशा आणि गावातला माहीतगार माणूस. तिन्ही लागले. माझ्याकडे माहीतगार माणूस होता, आजी. बाकीचे दोन शोधायचे होते.

नकाशा कुणाचा?

आपल्याकडे नकाशे नव्हते असं अजिबात नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ चा आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टननं मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीनं अख्खा देश मोजायला घेतला. नकाशांचे क्रमांकही पक्के आहेत. चार अंशाच्या चौकोनाला आकडा, त्याच्या सोळा तुकड्यांना अक्षरं. पुणे ४७ एफ मध्ये येतं, पळसदेवचा भाग ४७ जे मध्ये.

पण हे नकाशे सैन्यासाठी आणि महसुलासाठी काढलेले. स्वातंत्र्यानंतरही नकाशा म्हणजे जपून ठेवायची वस्तू, असाच कारभार होता. सीमा आणि किनाऱ्याजवळचे नकाशे तर सामान्य माणसाला मिळतच नसत. २००५ च्या धोरणानं लोकांसाठी वेगळी मालिका आली. इस्रोचं 'भुवन' २००९ मध्ये आलं. आणि खरी मोकळीक १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मिळाली. भारतीय माणसाला नकाशे बनवायला आणि वापरायला दरवेळी परवानगी मागायची गरज उरली नाही.

मला मात्र धरणाआधीचा नकाशा हवा होता. तो सापडला कुठं? अमेरिकेत! अमेरिकी लष्करानं १९५० च्या दशकात भारताचे १ : २,५०,००० प्रमाणाचे नकाशे काढले होते, तेही सर्व्हे ऑफ इंडियाच्याच नकाशांवरून. ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. शोधताना 'यू ५०२' ही मालिका शोधा. मी फाइल उघडली, मोठी केली, भीमा दिसली. धरण नसलेली, बारीक, वळणावळणाची भीमा. आणि एका वळणावर आजीच्या गावाचं नाव.

मी आजीला हाक मारली. तिनं चष्मा लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

माझ्या चुका, तुमच्यासाठी

जुन्या नकाशाला आजच्या नकाशावर बसवण्यासाठी दोन्हींवर सापडणाऱ्या जागा जुळवाव्या लागतात. मी इंदापूरचे आकडे उलटे टाकले. अक्षांश साधारण १८, रेखांश साधारण ७५, हे मी ७५ आणि १८ केलं. इंदापूर थेट नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डजवळच्या गारठलेल्या समुद्रात! मामा म्हणाला, "धरण परवडलं."

दुसरी चूक. गावाभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढायचं होतं. याला बफर म्हणतात. मी ५०० टाकलं आणि वर्तुळानं पृथ्वी झाकली. कारण माझा नकाशा अंशात मोजत होता, मीटरमध्ये नाही. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. अंतर मोजायचं असेल तर आधी मीटरमधली प्रणाली निवडा. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला यूटीएम ४३ उत्तर चालते. नागपूरकरांनो, तुमची ४४.

तिसरी चूक मात्र मला बरंच शिकवून गेली. देवळाची जागा उघडी पडेल का, हे कळायला तिची उंची हवी. उंचीचा मोफत डेटा आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं अकरा दिवसांत रडारनं पृथ्वीचा बराच भाग मोजला, त्याला एसआरटीएम म्हणतात. मी तो उतरवला. गावाची जागा सपाट. शेजारची जागाही तेवढीच उंच. नदीचं पात्रही तेवढंच उंच. दोन दिवस डोकं खाजवलं. मग उजेड पडला: २००० मध्ये तिथं पाणी होतं. रडारला पाण्याचा पृष्ठभाग दिसला, तळ दिसलाच नाही. या डेटासाठी आजीचं गाव कधी नव्हतंच.

मंडळी, आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. डेटा उतरवण्याआधी विचारा: हा कधी मोजला, कुणी आणि कशासाठी? फाइलसोबत ही माहिती बहुतेक वेळा असते. आपणच ती उघडत नाही.

उत्तर

मग मी उंचीचा नाद सोडला आणि पाण्यालाच विचारलं. १९७२ पासून लँडसॅट उपग्रह पृथ्वीचे फोटो काढतायत. पूर्वी एका चित्राला शेकडो डॉलर पडायचे, २००८ नंतर ते मोफत झाले. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासून मिळतात. त्यातला एक ठिपका दहा मीटरचा. अवरक्त प्रकाशात पाणी काळं दिसतं आणि कोरडी जमीन उजळ, त्यामुळे दोन्ही वेगळं करणं सोपं.

मी एकेका उन्हाळ्याचं चित्र घेतलं, पाऊस पडायच्या आधीचं. प्रत्येकावर माझं पाचशे मीटरचं वर्तुळ ठेवलं. बिंदू नाही, वर्तुळच, कारण १ : २,५०,००० च्या नकाशावर एक मिलीमीटर म्हणजे अडीचशे मीटर. अशा नकाशावरून देवळाची नेमकी जागा सांगते म्हणणं ही थाप झाली असती.

बहुतेक वर्षी वर्तुळ काळं. पण २०१९ च्या उन्हाळ्यात, उजनीचं पाणी मृत साठ्याच्याही खूप खाली गेलं तेव्हा, वर्तुळाची एक बाजू उजळ होती. २०२४ मध्येही तसंच. मी आजीला विचारलं, देऊळ सखल जागी होतं का उंचावर? "टेकाडावर की! पुराचं पाणी कधी शिवलं नाही मरीआईला." उजळ बाजू तीच असणार.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही गेलो. आजी, मामा आणि मी. माहीतगार कोळीदादांना सोबत घेतलं होतं, कारण वरून सुकलेल्या गाळात पाय मांडीपर्यंत जातो. तुम्ही कधी गेलात तर एकटे जाऊ नका. भेगाळलेली जमीन, शिंपले, मेलेल्या बाभळींची खोडं. फोनवर माझा बिंदू आला तिथं काहीच नव्हतं. मी गप्प झाले.

आजी थांबली नाही. तिनं नदीकडे बघितलं, पलीकडच्या डोंगराकडे बघितलं, आणि मामाचा हात धरून डावीकडे चालायला लागली. गाळानं भरलेल्या एका विहिरीचं कडं लागलं. पुढे घडीव दगडांची एक रांग. आजी वाकली, हात लावला, म्हणाली, "हेच."

नारळ फोडला. मी फोनमध्ये जागा नोंदवली आणि घरी आल्यावर अंतर मोजलं. माझा बिंदू ३८० मीटर चुकला होता, पण दगड वर्तुळाच्या आत होते.

ती नोंद आता घरात जपून ठेवली आहे. तारीख, मोजणारी मी, सांगणारी आजी, सगळं सोबत लिहिलंय. पाणी आता परत चढलंय. मामाला वाटतं, गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्या माणसांना बसवून विहिरी, वाडे, पाराची जागा, सगळंच नोंदवावं. पुढच्या रविवारी पहिली बैठक आहे. नकाशाचा मोठा प्रिंट काढून नेणार आहे, कारण फोनचा पडदा त्यांना बारीक दिसतो.

तुमच्याही घरात असं हरवलेलं गाव, ओढा किंवा वाट असेल तर आधी घरच्यांना विचारा, मग डेटा शोधा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!