जात डोळ्यांना दिसते का?

अभ्यासवर्गात ‘प्रमाणशास्त्र’ हा शब्द उच्चारला की तरुण कार्यकर्ते मागे सरकून बसतात. हा पंडितांचा विषय, ब्राह्मणी विद्या, आपला काय संबंध, असा भाव चेहऱ्यावर असतो. आम्ही म्हणतो, संबंध आहे आणि थेट आहे. ज्ञान कशाने होते, खरे कशाला म्हणायचे, हा वाद या देशात शतकानुशतके चालला, तो काही रिकामटेकड्यांचा वाद नव्हता. वेदांचा अधिकार आणि जातीचे अस्तित्व, दोन्ही त्यात पणाला लागले होते.

प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवण्याचे भरवशाचे साधन. चार्वाक एकच मानत, प्रत्यक्ष. नैयायिक चार मानत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कुमारिल भट्टाच्या मीमांसकांची सहा. आकड्यांत गुंतायचे कारण नाही, खरी मेख ‘शब्दा’त आहे. शब्दप्रमाण म्हणजे विश्वासू सांगणाऱ्यावर ठेवलेला भरवसा. पण मीमांसकांचा सर्वांत मोठा शब्द म्हणजे वेद, आणि तो तर कुणी रचलेलाच नाही म्हणे. रचणारा माणूस नाही, म्हणून माणसाची चूकही नाही! ज्या ग्रंथाला उलट प्रश्न विचारायचा तर समोर कुणी उभाच नाही, तोच सगळ्यांत खरा ठरला.

दिङ्नाग आणि त्याच्या पुढचा धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी इथेच घाव घातला. प्रमाणे दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान. कुणाचेही सांगणे तर्काच्या चाळणीतून गेले तरच ग्राह्य, शब्दाला वेगळे आसन नाही. धर्मकीर्तीच्या मते खरे ज्ञान ते, जे व्यवहारात फसवत नाही. मृगजळ पाण्यासारखे दिसते, पण तहान भागवत नाही. बुद्धाला प्रमाण का मानायचे हेही त्याने गृहीत धरले नाही. ‘प्रमाणवार्तिका’चे एक अख्खे प्रकरण त्याने त्यासाठी खर्ची घातले. याच ग्रंथाच्या अनुमानाच्या प्रकरणावर त्याने स्वतः टीका लिहिली. तिच्या शेवटी तो जड बुद्धीच्या पाच खुणा मोजतो आणि त्यांत वेदप्रामाण्य व जातीचा गर्व एकाच रांगेत बसवतो. (हा ग्रंथ मूळ संस्कृतात आपल्याकडे उरलाच नव्हता. १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायनांनी तिबेटच्या मठांतून त्याची हस्तलिखिते शोधून आणली.)

ही रांग उगाच लागलेली नाही. दर्शनांच्या भाषेत ‘जाति’ म्हणजे सामान्य, सगळ्या गायींत असणारे गोत्व. नैयायिक-मीमांसक म्हणत, हे गोत्व खरोखर अस्तित्वात आहे. बौद्ध म्हणत, ती मनाने केलेली वर्गवारी आहे. मग ब्राह्मणत्वाचे काय? सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात बुद्धाने आधीच सांगितले होते की झाडे, किडे, पशू, पक्षी यांच्यात जातीच्या खुणा निसर्गतः दिसतात, माणसामाणसांत तशा दिसत नाहीत. कुमारिलाला याचे उत्तर देणे भाग होते. त्याचे उत्तर असे: आईबाप कोण हे ठाऊक असले, की ब्राह्मणत्व प्रत्यक्षच दिसते.

इथे आम्ही थांबतो, कारण हे उत्तर आम्ही रोज ऐकतो. खोली भाड्याने बघायला गेल्यावर घरमालक चहा देतो, गप्पा मारतो, आणि मग विचारतो, “आडनाव काय म्हणालात?” आडनाव कळल्यावर त्याला अचानक सगळे ‘दिसायला’ लागते. दिसत होते, तर विचारले कशाला?

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात पारशांच्या सराईत पारशी नावाने राहिले. चेहऱ्यावर, कपड्यांत, बोलण्यात ‘अस्पृश्यत्व’ कुठे होते? कुणाला दिसले नाही. माहिती मिळाली तेव्हा लोक काठ्या घेऊन दाराशी आले.

योगायोग असा की, नालंदा परंपरेतल्या शांतरक्षिताचा आठव्या शतकातला ‘तत्त्वसंग्रह’ याच बडोद्यातून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, १९२६ मध्ये छापला गेला. वेदप्रामाण्याचा आणि जन्माच्या अहंकाराचा समाचार घेणारा हा ग्रंथ आहे. बौद्धांचा एक प्रतिप्रश्न असा होता की, अनादी काळापासूनच्या सगळ्या पिढ्यांच्या शुद्धतेची खात्री कोण देणार? हा प्रश्न स्त्रियांच्या चारित्र्यावर संशय घेऊन मांडला गेला, हे आम्हाला खटकते आणि ते लपवायचे कारण नाही. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडते. जातीचा पुरावा जर आईबापांतच असेल, तर तो टिकवण्यासाठी बाईला बांधून ठेवावे लागते. १९१६ च्या न्यूयॉर्कमधल्या निबंधात बाबासाहेब सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उगम जातीअंतर्गत विवाहात दाखवतात, तेव्हा ते याच गाठीवर बोट ठेवतात. कुमारिलाच्या ‘प्रत्यक्षा’ची किंमत बायांनी मोजली.

आणि कुमारिल स्वतः बुद्धवचन कसे नाकारतो? त्याचा एक आक्षेप असा, की शाक्य हा क्षत्रिय, त्याने उपदेश करणे हेच स्वधर्माचे उल्लंघन. विधान खरे की खोटे हे नंतर, आधी बोलणाऱ्याची जात.

धर्मकीर्तीला आम्ही क्रांतिकारक म्हणणार नाही. हा वाद मठांत आणि संस्कृतात राहिला, गावकुसाबाहेर पोचला नाही. ते काम १९२७ च्या महाडने आणि पुढे ‘जातिभेद निर्मूलना’ने केले. तर्काला जागा न देणारे शास्त्रांचे प्रामाण्यच उडवल्याशिवाय जात जाणार नाही, हे तिथे बाबासाहेबांनी स्पष्ट मांडले.

आता आपल्या घरातले. व्हॉट्सअॅपवर निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांच्या नावाने रोज एखादे वाक्य फिरते. ग्रंथ नाही, खंड नाही, पान नाही. मागच्या अभ्यासवर्गात एका मुलीने असे वाक्य पाठवणाऱ्या ज्येष्ठ कार्यकर्त्याला विचारले, “दादा, हे कोणत्या खंडात आहे?” दादा रागावले, “बाबासाहेबांवर शंका घेतेस?” ती म्हणाली, “बाबासाहेबांवर नाही, दादा, फॉरवर्डवर.” दोन दिवस खंड चाळले. वाक्य सापडले नाही. ग्रुपवरून ते अजून काढलेले नाही.