बावीस संस्था, अठ्ठ्याऐंशी समित्या आणि वायोमिंगचा वाटा

थ्रेड : अमेरिकेत अंतर्गत सुरक्षेचा पैसा कोण वाटते, आणि तो कुठे जातो?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अवघ्या सत्तावीस दिवसांनी, ८ ऑक्टोबर रोजी, पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर टॉम रिज यांनी व्हाइट हाउसमधील एका नव्या कार्यालयाची सूत्रे हाती घेतली. देशाच्या अंतर्गत सुरक्षेचा समन्वय साधणे हे त्यांचे काम होते. सीमाशुल्क, तटरक्षण, इमिग्रेशन, विमानतळ, साथीचे रोग या सर्वांची मोट त्यांनी बांधायची होती. पण यांपैकी एकाही संस्थेचा एकही डॉलर त्यांच्या हातात नव्हता. ते अध्यक्षांचे सल्लागार होते. पैसा मात्र ज्या त्या मंत्र्याकडे होता.

सिनेटच्या विनियोजन समितीचे अध्यक्ष रॉबर्ट बर्ड यांना हे मान्य नव्हते. राज्यघटनेची छोटी प्रत सदैव खिशात बाळगणारा हा वृद्ध सिनेटर. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही, हे त्या घटनेचे पहिल्याच अनुच्छेदातले कलम. २००३ च्या अर्थसंकल्पात अंतर्गत सुरक्षेसाठी ३,७७० कोटी डॉलर मागितले होते. आदल्या वर्षीचा आकडा १,९५० कोटींचा होता. एवढी वाढ मागणाऱ्याने समितीपुढे येऊन साक्ष द्यावी, असा बर्ड यांचा आग्रह होता. व्हाइट हाउसने नकार दिला : सल्लागार काँग्रेसला उत्तरदायी नसतो. हा वाद वरवर शिष्टाचाराचा वाटतो, पण मुळात तो तिजोरीच्या किल्लीचा होता.

जून २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांनी पवित्रा बदलला आणि स्वतंत्र खात्याचा प्रस्ताव मांडला. २५ नोव्हेंबरला कायद्यावर सही झाली. १ मार्च २००३ रोजी बहुतेक संस्था नव्या होमलँड सिक्युरिटी खात्यात दाखल झाल्या. एकूण बावीस संस्था आणि पावणेदोन लाखांच्या आसपास कर्मचारी.

या संस्थांची पूर्वपीठिका पाहिली की पुढचा गोंधळ समजतो. सीमाशुल्क विभाग १७८९ चा, म्हणजे जवळजवळ अमेरिकी संघराज्याएवढाच जुना. तटरक्षक दलाचा उगम १७९० चा : अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना जकात चुकवणारी जहाजे पकडण्यासाठी दहा नौका हव्या होत्या. सीक्रेट सर्व्हिस १८६५ साली जन्मली ती खोट्या नोटा पकडण्यासाठी. अध्यक्षांचे संरक्षण हे तिचे नंतरचे काम. आपत्ती व्यवस्थापन करणारी फेमा १९७९ ची. कृषी खात्याकडचे प्लम बेटावरील जनावरांच्या रोगांचे संशोधन केंद्रसुद्धा या खात्यात आले. एफबीआय आणि सीआयए मात्र बाहेरच राहिल्या. ज्यांच्याकडे गुप्त माहिती, त्या संस्था एकीकडे आणि सुरक्षेचे नाव मिरवणारे खाते दुसरीकडे, अशी ही विभागणी झाली.

म्हणूनच ‘अंतर्गत सुरक्षेवरचा खर्च’ आणि ‘अंतर्गत सुरक्षा खात्याचा खर्च’ हे दोन वेगळे आकडे आहेत. ही बाब अनेक लेखांत निसटते. २००२ च्या त्याच कायद्यातील कलम ८८९ नुसार हा खर्च सर्व खात्यांतून वेचून अध्यक्षांच्या अर्थसंकल्पासोबत मांडणे बंधनकारक झाले. त्या हिशेबात नव्या खात्याचा वाटा सुमारे निम्माच भरे. उरलेला पैसा संरक्षण, आरोग्य, न्याय, ऊर्जा आदी खात्यांत विखुरलेला असे : लष्करी तळांची राखण, जैविक हल्ल्यासाठी लसींचा साठा, एफबीआयचे दहशतवादविरोधी काम. उलट बुडत्या मच्छीमाराला वाचवणे किंवा पूरग्रस्तांना मदत पोहोचवणे हा होमलँड सिक्युरिटी खात्याचाच खर्च, पण व्याख्येनुसार तो ‘अंतर्गत सुरक्षा’ नव्हे. गस्तीवर निघालेली नौका एकाच फेरीत तस्करही पकडते आणि मच्छीमारही वाचवते. तिच्या इंधनाचा किती भाग कोणत्या रकान्यात घालायचा, हे शेवटी कारकुनी अंदाजावरच ठरते.

खाती एकत्र आली, पण काँग्रेसच्या समित्या आल्या नाहीत. २००३ मध्ये दोन्ही सभागृहांच्या विनियोजन समित्यांनी या खात्यासाठी स्वतंत्र उपसमिती नेमली, एवढी सुधारणा झाली. देखरेखीचा अधिकार मात्र जुन्या समित्यांनी सोडला नाही. खात्याच्या प्रमुखांना ८८ समित्या आणि उपसमित्यांपुढे हजर व्हावे लागते, अशी नोंद ९/११ आयोगाने २००४ च्या अहवालात केली.

खरा पेच पुढे आहे, राज्यांना मिळणाऱ्या अनुदानात.

ऑक्टोबर २००१ च्या पेट्रियट कायद्यातील एका तरतुदीने प्रत्येक राज्याला एकूण अनुदानाच्या किमान ०.७५ टक्के रकमेची हमी दिली. पन्नास राज्ये, राजधानीचा जिल्हा आणि पोर्तो रिको मिळून ३९ टक्के. चार छोट्या प्रदेशांना प्रत्येकी ०.२५, म्हणजे आणखी एक टक्का. धोका कुठे आहे हे विचारण्याआधीच ४० टक्के रक्कम वाटून झालेली! उरलेली ६० टक्के प्रशासनाने लोकसंख्येनुसार वाटली. त्या सूत्रातही धोक्याला जागा नव्हती. पाच लाख वस्तीच्या वायोमिंगला दरडोई मिळणारी रक्कम जवळपास एक कोटी नव्वद लाखांच्या न्यूयॉर्क राज्याच्या कित्येक पट झाली, ती यामुळे.

याला निव्वळ मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. पण हे सूत्र सिनेटच्या रचनेतून आले आहे. तेथे वायोमिंगला दोन जागा आणि न्यूयॉर्कलाही दोनच. किमान वाट्याशिवाय छोट्या राज्यांची मते मिळत नाहीत, आणि मतांशिवाय कायदा होत नाही. हे अनुदान म्हणजे राज्यांना वाटायचा सर्वसाधारण महसूल नव्हे, ते काटेकोरपणे धोका पाहूनच द्यावे, असे आयोगाने बजावले. तरी किमान वाटा ०.३७५ टक्क्यांवर यायला २००७ चा कायदा उजाडावा लागला. तो रद्द झाला नाही, फक्त निम्मा झाला.

मग धोका मोजून पैसे वाटले असते तर प्रश्न सुटला असता का? शहरांसाठीची वेगळी योजना २००३ मध्ये सात महानगरांपासून सुरू झाली होती, आणि ती याच तत्त्वावर होती. ३१ मे २००६ रोजी तिचे वाटप जाहीर झाले, तेव्हा न्यूयॉर्क शहराचा वाटा सुमारे २०.७ कोटी डॉलरवरून १२.४ कोटींवर घसरला होता. मूल्यांकनाच्या तक्त्यात न्यूयॉर्कमधील ‘राष्ट्रीय स्मारके व प्रतीके’ या रकान्यात शून्य होते. खात्याचा खुलासा असा की एम्पायर स्टेट बिल्डिंग ‘मोठी कार्यालयीन इमारत’ या सदरात आहे आणि ब्रुकलिन ब्रिज ‘पूल’ या सदरात. मंत्री मायकेल चर्टॉफ यांना या शून्याने पुढे बराच काळ सतावले.

दीड महिन्याने खात्याच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. देशातील महत्त्वाच्या ठिकाणांच्या यादीत ७७,०६९ नोंदी होत्या आणि त्यांत सर्वाधिक, ८,५९१, इंडियाना राज्याच्या होत्या. न्यूयॉर्कच्या ५,६८७, कॅलिफोर्नियाच्या ३,२१२. टेनेसीतील खेचरांच्या उत्सवाची मिरवणूक, अलाबामातील मुलांचे प्राणिसंग्रहालय, एक पॉपकॉर्नचा व्यवसाय हेही यादीत होते. नोंदी राज्यांनी स्वतःच पाठवल्या होत्या, आणि महत्त्वाचे म्हणजे काय याचा प्रत्येकाने आपापला अर्थ लावला होता.

दहशतवादाकडे लागलेल्या नजरेची किंमत दरम्यान लुइझियानाने मोजली होती. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळ आले, तेव्हा फेमा ही एका अवाढव्य खात्यातील दुय्यम शाखा झालेली होती. पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून तिचे अधिकार पुन्हा वाढवले.

या व्यवस्थेतला आणखी एक प्रवाह करांबाहेरून येतो. २००२ पासून विमान प्रवाशाच्या तिकिटावर सुरक्षा शुल्क आकारले जाते. २०१३ च्या अर्थसंकल्पीय तडजोडीनंतर ते एकेरी प्रवासाला ५.६० डॉलर झाले; मात्र त्यातला एक भाग विमानतळाच्या सुरक्षेकडे न जाता तुटीच्या भरपाईसाठी सर्वसाधारण तिजोरीत वळवला गेला.

आणि तटरक्षक दल. भारतात ते संरक्षण मंत्रालयाखाली आहे. अमेरिकेत ते सशस्त्र दलांपैकी एक असूनही २००३ पासून होमलँड सिक्युरिटी खात्यात आहे. २२ डिसेंबर २०१८ रोजी मेक्सिको सीमेवरील भिंतीच्या निधीवरून सरकारी कामकाज अंशतः ठप्प झाले. संरक्षण खात्याचे विनियोजन सप्टेंबरातच मंजूर झाले होते. होमलँड सिक्युरिटीचे झाले नव्हते. १५ जानेवारी २०१९ ला भूदल, नौदल, हवाई दल आणि मरीन यांचा पगार झाला. तटरक्षक दलातील चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचा झाला नाही. नौका गस्तीवर होत्या आणि किनाऱ्यावर त्यांच्या कुटुंबांसाठी लोक अन्नधान्य गोळा करत होते. कामकाज पूर्ववत व्हायला पस्तीस दिवस लागले.