तुमच्या नावावर कर्ज कोणाचे? क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा तरी तपासा

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, नवे सिमकार्ड असो की बचत गटाचे कर्ज, आधार आणि पॅनची झेरॉक्स आपण बिनदिक्कत देतो. तिचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही. त्याच कागदांवर दुसऱ्याने कर्ज उचलले, तर त्याचा पत्ता बहुतेक वेळा बँक शैक्षणिक कर्ज नाकारते तेव्हाच लागतो. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला असे तरुण भेटतात. बँकेची पायरी चढणारी त्यांच्या घरातली ही पहिलीच पिढी असते, त्यामुळे ‘आपलेच काही चुकले असेल’ असे समजून ते गप्प बसतात. गप्प बसू नये.

कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या भारतात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीने वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. म्हणजे दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडून मागवला, तर वर्षभर फुकट लक्ष ठेवता येते. रिपोर्ट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘मोफत सिबिल’च्या जाहिराती करणारी अनेक ॲप्स मुळात कर्ज विकायला बसलेली असतात. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर घसरतो, हा निव्वळ गैरसमज आहे.

स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. सगळे त्या आकड्याकडेच बघतात, पण खरे वाचायचे असते ते त्याच्या खालचे. न घेतलेले कर्ज, अनोळखी पत्ता किंवा मोबाइल क्रमांक, आणि ज्या कंपनीकडे आपण कधी गेलोच नाही तिने केलेली चौकशी ही धोक्याची खूण समजावी. मित्राला जामीन राहिला असाल, तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टात दिसते. बचत गटातल्या आई-मावशींचा रिपोर्टही काढून बघा. महिलांच्या नावावरची कर्जे घरात कोणाला माहीतही नसतात.

चुकीची नोंद सापडली, तर संबंधित क्रेडिट कंपनीकडे ऑनलाइन तक्रार नोंदवा, कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. फसवणूक असेल, तर १९३० वर फोन आणि पोलिसांत तक्रार हवीच. वसुलीवाल्याच्या धाकाने ‘थोडे भरून मिटवू’ म्हणून पैसे मात्र भरू नका. भरलेला हप्ता म्हणजे कर्ज तुमचेच असल्याची कबुली, असा अर्थ पुढे काढला जाऊ शकतो.

खबरदारीही फार अवघड नाही. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहून आडवी सही करावी. आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येते, आणि आधार कुठे कुठे वापरले गेले तेही आधारच्या संकेतस्थळावर दिसते. तुमच्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे ‘संचार साथी’वर कळते; त्यातले अनोळखी कार्ड तिथूनच कळवून बंद करायला सांगता येते.