शांबरिक खरोलिका आणि माझ्या सत्तावीस स्लाइड्स



१२ जानेवारी हा आम्हा सोलापूरकरांचा हुतात्मा दिन. १९३१ साली याच दिवशी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. काही वर्षांपूर्वी या दिवशी आमच्या शुक्रवार पेठेत मी बोलावे असे ठरले. नातू म्हणाला, "आजोबा, पॉवरपॉइंट करू या." झाले! २७ स्लाइड्स तयार झाल्या. मे १९३० मधला मार्शल लॉ, मोर्चे, खटला, तारखा... सगळे त्यात कोंबले. आणि मी श्रोत्यांकडे पाठ करून, पडद्याकडे बघत ओळ न ओळ वाचत सुटलो. दहाव्या स्लाइडला मागे जांभया सुरू झाल्या. शेवटी शेजारच्या आजी म्हणाल्या, "गुरुजी, वाचायला आम्हालाही येतं की. तुम्ही काय सांगणार होता?"

फार लागले ते बोलणे. माझ्या बोलण्याची फजिती झाली याचे तितके नव्हे, पण त्या चौघांची गोष्ट माझ्यामुळे कंटाळवाणी झाली, याचे.

तेव्हा मला कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची आठवण झाली. दिवा, रंगवलेली काच आणि भिंग यांच्या मदतीने भिंतीवर चित्र पाडणारा 'जादूचा कंदील' युरोपात सतराव्या शतकापासून होता. डच शास्त्रज्ञ हायगेन्सचे नाव त्याच्याशी जोडले जाते. तो कंदील पटवर्धनांनी मदनराव पितळे यांच्या साथीने आपलासा केला आणि १८९२ साली कल्याणात पहिला खेळ केला. नाव ठेवले 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा पुराणातला मायावी असुर, म्हणून शांबरिक. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे आली ती ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे आपले कल्याणकर चार वर्षे पुढे!

त्यांच्या काचा हाताने रंगवलेल्या असत. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पवित्र्यांची चित्रे भराभर बदलली की पात्र हलल्यासारखे वाटे. जोडीला निवेदन आणि संगीत. रामायणातली गोष्ट पडद्यावर दिसे, पण ती पुढे नेई तो सांगणाऱ्याचा आवाज.

ही रीत आपल्याकडे त्याहूनही जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात. सुट्या चित्रांचा गठ्ठा, त्याला ते पोथी म्हणतात. एक चित्र समोर धरायचे, त्याची कथा गाऊन-बोलून सांगायची आणि मगच पुढचे काढायचे. पुढचे चित्र आधी दिसत नाही, म्हणून ऐकणाऱ्याची उत्सुकता टिकते. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ती या परंपरेसाठीच.

विचार करता लक्षात आले, की वर्गात मीही हेच करत होतो. फळ्यावर खडूने दोन शब्द लिहायचे आणि वर्गाकडे तोंड करून बोलायचे. संपूर्ण धडा फळ्यावर कोणी लिहितो का? मग संगणक हाती आल्यावर माझी बुद्धी कुठे गेली होती कोण जाणे!

पुढच्या वर्षी पुन्हा संधी मागून घेतली. या वेळी स्लाइड्स चारच. इथल्या चौकातल्या चार पुतळ्यांची छायाचित्रे, अक्षर एकही नाही. तारखा एका कागदावर लिहून खिशात ठेवल्या. नातवाने आणखी एक युक्ती शिकवली. स्लाइड चालू असताना 'बी'ची कळ दाबली की पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की चित्र परत येते. कुर्बान हुसेन ऐन विशीतले होते, हे सांगताना मी ती कळ दाबली. पडदा काळा झाला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी थोडा वेळ गप्प राहिलो. कोणी हलले नाही.

त्या आजी या वेळीही पुढे बसल्या होत्या. जाताना फक्त एवढेच म्हणाल्या, "धाकट्याचं नाव काय म्हणालात, गुरुजी? नातीला सांगायचंय."

असो. कंपनीत 'प्रेझेंटेशन' देणारी आमची भाचे-पुतणे मंडळी हे वाचत असतील, तर एवढेच सांगतो. जे दाखवायचे ते पडद्यावर ठेवा, जे सांगायचे ते तोंडी ठेवा आणि पाठ पडद्याकडे असू द्या. तुमच्याही फजित्या झाल्या असतील, त्या जरूर कळवा. म्हातारपणी सोबत बरी वाटते!