संगणक घरी आला, बाराखडी मागून आली

आमच्या सोलापूरच्या घरी पहिला संगणक आला तो १९९९ च्या डिसेंबरात. रमजानचा महिना होता. ‘वाय टू के’चं भूत गावभर फिरत होतं. १ जानेवारीला जगातले सगळे संगणक बंद पडणार, असं जो तो छातीठोकपणे सांगत होता. दुकानदारानं मला १ जानेवारीची तोंडी हमी दिली आणि मी पैसे मोजले. दुकानातला मुलगा खोकी घेऊन घरी आला, जांभळी पिन कीबोर्डची, हिरवी माउसची असं समजावत त्यानं जोडणी केली. अम्मीनं टेबलावर क्रोशाचा रुमाल अंथरला होता, तो त्यानं काढायला लावला. चपला मात्र त्यानं स्वतःहून खोलीबाहेर काढल्या. त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला घालून जात नसत, हे तरुण श्रोत्यांना खोटं वाटेल.

अब्बा खुर्ची ओढून बसले. तहसील कचेरीत त्यांनी तीस वर्षं मराठी टंकलेखन केलं होतं. त्यांनी दोन-चार कळा दाबल्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. माझ्याकडे वळून म्हणाले, “इसमें मराठी किधर है रे?”

मुलगा म्हणाला, “चाचा, मराठीचे वेगळे पडतील.”

हे ‘वेगळे पडतील’ प्रकरण नीट सांगायला हवं, कारण मराठीच्या अलीकडच्या इतिहासातला तो एक मोठा तुकडा आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. त्या काळच्या साध्या फाँटमध्ये एकूण २५६ खण. त्यातले पहिले १२८ इंग्रजीनं आधीच धरलेले. मराठी फाँट करणाऱ्यांनी काय केलं, तर या खणांतली इंग्रजी अक्षरं पुसून तिथं आपली अक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, वेलांट्या रंगवल्या. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण यंत्राच्या लेखी तो इंग्रजी ‘डी’च असायचा. शिवाय प्रत्येक कंपनीनं खण आपल्या मनानं वाटले. एकाचा ‘क’ तो दुसऱ्याचा ‘ग’, तिसऱ्याची नुसती काडी. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की गिचमीड. कविता मासिकाला पाठवायची तर सोबत फाँटही फ्लॉपीवर घालून पाठवावा लागे. इतकं करून संपादकांचा फोन येई, “कविता बहुधा छान असावी, पण फारच इंग्रजी आहे!”

याला उपाय नव्हता असं नाही. आयआयटी कानपूरला देवनागरी संगणकावर आणण्याचं काम आधीपासून चाललेलं होतं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि ‘जिस्ट’ या नावानं ते काम तिथं वाढलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ‘इस्की’ नावाची क्रमांकांची यादी ठरवून दिली. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिपींना एकच यादी, ही त्यातली सुंदर गोष्ट. मराठीचा ‘क’ आणि तेलुगूचा ‘क’ एकाच क्रमांकावर. सोलापूरच्या माणसाला याचं अप्रूप सांगायला नको, आमच्या एकाच गल्लीत या दोन्ही भाषा नांदतात. मात्र उर्दू त्या यादीत नव्हती. तिची लिपी दुसऱ्या घराण्यातली.

पण घरोघरी पोचलं ते हे मानक नव्हे, पोचले फाँट. आमच्याकडेही तेच. मराठीच्या पाकिटाबरोबर एक अंगठ्याएवढं ‘लॉक’ मिळालं. ते संगणकामागच्या प्रिंटरच्या खाचेत बसवायचं. ते असेल तर मराठी चालेल, काढलं की बंद. अब्बांना ते फार आवडलं. तिजोरीची किल्ली असावी तसं रोज रात्री ते काढून कपाटात ठेवायचे.

आणि ते लिहायला बसले. आठवणी. १९७२ च्या दुष्काळात हजेरीपटांच्या याद्या त्यांनी टाइप केल्या होत्या. खडी फोडायला आलेली माणसं, त्यांची नावं, अंगठे, कोण कुठल्या गावचं. ते सगळं त्यांना लिहायचं होतं. कीबोर्डची मांडणी जुन्या टाइपरायटरचीच निवडता येत होती, त्यामुळे बोटं सरसर चालायची. वीज गेली की यूपीएस कोकलायला लागे आणि दहा मिनिटांत फ्लॉपीवर सगळं उतरवून यंत्र बंद करायची धांदल उडे.

२००४ मध्ये दुसरा संगणक घेतला. त्यात मराठी आतच आहे, असं कळलं. विंडोज २००० पासून देवनागरी आली होती, सोबत ‘मंगल’ नावाचा फाँट. हा फाँट र. कृ. जोशींनी घडवला. जोशी सुलेखनकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण ते मराठी कवीही होते. जगभरच्या संगणकांत देवनागरीचं जे पहिलं रूप गेलं ते एका कवीच्या हातचं, याचा मला माझ्याच घरातला कुणी गाजल्यासारखा आनंद होतो. २००८ मध्ये ते गेले.

तर मराठी आत होती, पण झोपलेली. भाषांच्या पानावर एका चौकोनात खूण करायची, मग यंत्र म्हणे, मूळ सीडी घाला. दुकानदारानं सीडी दिलीच नव्हती. तीन फेऱ्या मारल्यावर मिळाली. ती खूण मात्र गमतीची होती. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपी आणि आपल्यासारख्या जोडाक्षरांच्या लिपी, दोन्हींसाठी मिळून एकच चौकोन! म्हणजे मराठीसाठी केलेल्या खुणेनं उर्दूही जागी झाली. अम्मीला बोलावलं. पडद्यावर उजवीकडून निघालेला अलिफ तिनं पाहिला, ‘बिस्मिल्ला’ म्हणाली आणि स्वयंपाकघरात परत गेली. उतू जाणारं दूध तिला जास्त महत्त्वाचं होतं.

हे जमलं ते ‘युनिकोड’मुळे. १९९१ सालीच त्याची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक. आपला ‘क’ २३२५. पुण्यात, टोकियोत, टोरांटोत २३२५ म्हणजे ‘क’च, ‘डी’ नव्हे. देवनागरीची मांडणी त्यांनी इस्कीवरून घेतली, हे आपण विसरू नये. उणिवा होत्याच. मराठीच्या ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळायला २००८ उजाडलं. तोवर अ आणि चंद्र वेगवेगळे जोडावे लागत, आणि काही यंत्रांवर मध्येच ठिपक्यांचं एक वर्तुळ उगवे.

अब्बांना या नव्या मराठीत आणायचं मी ठरवलं, तिथं गाडी अडली. टाइपरायटरवर ‘दिवस’ लिहिताना आधी वेलांटी, मग द, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी द, मग वेलांटी, कारण तोंडातून द आधी निघतो. ‘धर्म’मधला रफार टाइपरायटरवर शेवटी, युनिकोडमध्ये म च्या आधी. मी म्हटलं, “अब्बा, हे उच्चाराप्रमाणे आहे, शास्त्रशुद्ध आहे.” ते म्हणाले, “बेटा, तीस वर्षं हात डोळ्याचं ऐकत आलाय. आता कानाचं ऐकणार नाही.” जुना संगणक त्यांनी आपल्या खोलीत नेला आणि तिथंच लिहीत राहिले. २००६ मध्ये ते गेले.

मी फाइल लगेच उघडली नाही. २०१२ मध्ये जुनं यंत्र कायमचं बसलं, तेव्हा फ्लॉप्या काढल्या. नव्या संगणकाला फ्लॉपीची फट नव्हती, लॉक बसवायला प्रिंटरची खाचही नव्हती. एका ओळखीच्या छापखान्यातून फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या. उघडल्या तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, पौंडाची चिन्हं, कंस. माझे अब्बा मराठीत लिहीत होते याचा पुरावा त्या पानांत कुठंच नव्हता.

अशा मजकुराचं युनिकोड करून देणारे परिवर्तक तोवर निघाले होते. एकानं बऱ्यापैकी काम केलं. पण वेलांट्या सैरावैरा, रफार भलत्याच डोक्यावर. ‘धर्म’चं सगळीकडे ‘धमर्’ झालं होतं. चार महिने रात्री बसून मी ती पानं दुरुस्त केली. प्रत्येक चुकीतून कळत होतं की अब्बांनी कुठली कळ आधी दाबली होती. समोरासमोर बसून इतकं जवळून मी त्यांना कधी वाचलं नव्हतं.

एक प्रकरण मात्र सुटलं नाही. ती फाइल कधीतरी साधा मजकूर म्हणून साठवली गेली असावी. बहुधा मीच ते केलं असेन. तसं करताना यंत्राला जी चिन्हं ओळखता आली नाहीत त्यांच्या जागी त्यानं प्रश्नचिन्हं घातली. ती अक्षरं लपलेली नाहीत, पुसली गेली आहेत. कुठलाही परिवर्तक ती आणू शकत नाही. नेमकं ते प्रकरण खडी फोडणाऱ्या माणसांच्या नावांचं आहे. एका बाईबद्दल अब्बांनी सव्वा पान लिहिलंय. तिनं आपल्या मजुरीतले पैसे दुसऱ्या बाईच्या नावावर मांडायला लावले, असं त्यात आहे. का, ते पुढच्या ओळीत असावं. तिच्या नावाचं पहिलं अक्षर ‘स’, शेवटी ‘बाई’, मध्ये दोन प्रश्नचिन्हं.

अम्मी म्हणते सखूबाई. अब्बांचे कचेरीतले एक सोबती म्हणाले, सोनाबाई. दोघांनाही खात्री आहे. पुस्तक छापायला देताना मी तिथं प्रश्नचिन्हं तशीच ठेवली. प्रुफं तपासणाऱ्यानं दोनदा ती खोडली आणि मी दोनदा ती परत लिहिली.