माळ्यावरील तिरकी लाकडे

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांची मूळ घरे केरा व कोयना यांच्या संगमावरील पाटण गावी आणि आसपासच्या खेड्यांत आहेत. त्यांपैकी एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर चढून पाहिल्यास एका कैचीकडून दुसरीकडे तिरकी गेलेली लाकडे दिसतात. त्यांवर ना कौलांचा भार, ना वाशांचा. मग ती कशासाठी, असे तरुण मंडळी विचारतात.

कैची स्वतः त्रिकोणाकृती असते, आणि त्रिकोणाचा आकार बाजू न तुटता बदलत नाही. तिच्या तळची तुळई वाशांचे पाय फाकू देत नाही, म्हणून भिंतीही बाहेर रेटल्या जात नाहीत. परंतु ही बळकटी घराच्या रुंदीपुरती झाली. लांबीच्या दिशेने पाहू गेल्यास कैच्या म्हणजे ओळीने उभ्या केलेल्या पाट्याच होत. आढे व रिपा त्यांना जोडतात खऱ्या, पण त्या जोडणीचे चौकोन होतात, आणि चौकोन कलतो. चार पट्ट्या एकेका खिळ्याने जोडून केलेली चौकट आम्ही वर्गात मुलांच्या हाती देत असू. ती तत्काळ तिरपी होई. कर्णावर पाचवी पट्टी ठोकली की मुलांचे काही चालत नसे. माळ्यावरील तिरके लाकूड ही ती पाचवी पट्टी.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. आम्ही तेव्हा अगदी लहान होतो. दगडमातीच्या भिंती ढासळल्या, तेथे केवळ छपराच्या लाकडांनी घर वाचले असते असे आम्ही म्हणणार नाही. तथापि मोकळे छप्पर हेलकावू लागले की टोकांच्या त्रिकोणी भिंतींना धडका देते, आणि त्या भिंती आधीच दुबळ्या असतात. पूर्वी निर्धोक गणलेला हा प्रदेश १९७० च्या नकाशात चौथ्या भूकंपपट्ट्यात गेला. कौले काढून पत्रे घालणाऱ्यांनीही ही लाकडे काढू नयेत. हलक्या छपरास वारा अधिक छळतो.

हे आम्ही अनुभवाने लिहितो. भाताच्या कणग्यांना अडचण होते म्हणून आम्हीच दोन लाकडे कापविली होती. तीन पावसाळ्यांत आढे पूर्वेस वीतभर झुकले व कौले घसरली. सुताराने ओळंबा सोडून दाखविला तेव्हा आम्हांस मान खाली घालावी लागली. त्याने दोरखंडाने कैच्या ओढून सरळ केल्या व नवी लाकडे बसविली. कणग्या आता पडवीत असतात.