छद्मविंचू : एका नावाचा इतिहास

प्राण्याचे नाव पुष्कळदा त्याच्या स्वरूपापेक्षा पाहणाऱ्याचा पूर्वग्रहच सांगते. छद्मविंचू हे याचे उदाहरण होय. काही मिलिमीटर लांबीच्या या अष्टपाद जीवास विंचवासारखे चिमटे आहेत. मात्र शेपटी नाही व नांगीही नाही. मनुष्यास तो निरुपद्रवी असून पुस्तकांतील बारीक किडे हे त्याचे भक्ष्य होय.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ग्रंथांत आढळणाऱ्या, बिनशेपटीच्या विंचवासारख्या सूक्ष्म जीवांची नोंद केली. १७५८ साली लिनीअसने अशाच एका जातीस गोचिडांबरोबर ‘अकॅरस’ प्रजातीत घालून ‘खेकड्यासारखा’ या अर्थाचे विशेषण दिले. १७६२ मध्ये जॉफ्र्वाने ‘केलिफर’, म्हणजे ‘चिमटेधारी’, हे नाव योजिले. त्यात प्रथमच उपमा सुटून अवयव उरला.

भारतात १९०० साली पोकॉक यांच्या अष्टपादविषयक ग्रंथात विंचू व कोळी आले, हा जीव आला नाही. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील नमुन्यांवर एलिंगसेन यांनी १९१४ मध्ये लिहिले. मधमाश्यांच्या पोळ्यांत राहणाऱ्या ‘एलिंगसेनियस इंडिकस’ या जातीच्या नावात, १९३२ पासून, त्यांचे स्मरण आहे. मूर्ती व अनंतकृष्णन यांचा भारतीय जातींवरील प्रबंध १९७७ मध्ये निघाला.

माथेरानच्या पायथ्याकडील नेरे (ता. पनवेल) येथे याचा शोध घ्यावयाचा झाल्यास झाडाची साल, पालापाचोळा व जुनी दप्तरे पाहावी लागतील. तेथे बोलीतील नाव विचारताना ‘विंचू’ हा शब्द आधी उच्चारू नये. अन्यथा उत्तरात आपलाच शब्द परत येईल, आणि त्या शब्दाच्या धास्तीने निरुपद्रवी जीव चिरडला जाईल.